फर्स्ट अँगलचे भाऊ

तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जा, तिथे एक भाऊ असतातच. आमचे भाऊ चिंचणीचे. खिशाला 0.5 ची क्लच पेन्सिल. टेबलाच्या काचेखाली गणपतीच्या शेजारी एक छोटं चित्र: टोक छाटलेला शंकू आणि बाजूला दोन वर्तुळं. फर्स्ट अँगलची खूण. नवा डिप्लोमावाला रुजू झाला की आधी गणपतीला आणि मग शंकूला नमस्कार करतो. निदान भाऊंची तशी अपेक्षा असते.

फर्स्ट अँगलमध्ये वस्तूचं वरून दिसणारं चित्र खाली काढतात, थर्ड अँगलमध्ये वर. बाजूच्या चित्रांचीही तशीच अदलाबदल. खूण न बघता कागद वाचला तर डावा ब्रॅकेट उजवा होऊन बाहेर पडतो. म्हणजे भाऊंचा आग्रह रास्तच, पण तो ऐकून घ्यायचा म्हणजे दुपारचा चहा गेला. शेजारच्या अणुवीज केंद्रातल्या 1969 च्या अमेरिकन भट्ट्यांची ड्रॉइंगं थर्ड अँगलची असणार, हे त्यांनी न बघताच ठरवून टाकलंय आणि त्याबद्दल त्या देशाला अजून माफ केलेलं नाही.

स्वदेशी मानकांनीही त्यांना कमी छळलं नाही. 1955 साली फर्स्ट अँगल सांगितला, 1960 साली थर्ड, पुढच्या आवृत्तीत ‘ज्याचं त्याने बघावं’, आणि 1988 च्या एसपी 46 मध्ये पुन्हा फर्स्ट. ही हकिगत भाऊ घराण्यातल्या वाटणीच्या भांडणासारखी सांगतात, आणि 1988 शी आले की आवाज चढतो, कारण तिथे दावा आपल्या बाजूने लागला.

एकदा त्यांनी खुणा एकसारख्या करायला मीटिंग घेतली. व्यासाला ‘फाय’ म्हणायचं की ‘डाया’, इथेच जेवणाची सुट्टी झाली. मग वेल्डिंगची खूण. रेषेखाली काढली तर बाणाच्या बाजूला वेल्ड, ही अमेरिकन रीत. युरोपवाले शेजारी तुटक रेष मारून ठरवतात. भाऊंनी फळ्यावर दोन्ही रीती काढल्या आणि वेल्डरला विचारलं, ‘‘तू काय समजतोस?’’

‘‘काय नाय भाऊ. दोन्हीकडे मारून टाकतो.’’

मग फिनिशिंग. एक त्रिकोण खरबरीत, दोन बरं, तीन गुळगुळीत, हे सगळं रद्द. आता टिकमार्क आणि आरएचा आकडा, असं सर्वानुमते ठरलं. म्हाताऱ्या टर्नरने मान डोलावली, सही केली आणि जाता जाता विचारलं, ‘‘मग तीन त्रिकोण ना?’’

घरीही तेच. पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी हॉलचा नकाशा काढला. उत्तर दिशा, ‘काढले, तपासले, मंजूर’ असे तीन रकाने (तिन्हींत सही त्यांचीच) आणि तळाला टीप: ‘नकाशा प्रमाणात नाही, पट्टी लावून माप घेऊ नये.’ हॉल बदलल्यावर ‘रिव्हिजन बी’ निघाली. रिव्हिजन ए वाले काही पाहुणे थेट समुद्रावर पोचले. भाऊंच्या मते चूक त्यांची, जुनी प्रत नष्ट करायला नको?

भाऊंना निरुत्तर केलं ते मात्र गल्लीतल्या डायवाल्याने. या भागात दागिन्यांचे डाय कोरणारे बरेच. भाऊंनी नव्या सुनेच्या पेंडंटसाठी ‘स’ काढून नेला: दोन चित्रं, मापं मिलिमीटरमध्ये, कोपऱ्यात शंकू. कारागिराने भिंगातून कागद पाहिला, उलटा धरून पाहिला.

‘‘भाऊ, हे दागिन्याचं चित्र की डायचं? डायमध्ये अक्षर उलटं कोरायला लागतं.’’

शंकू यावर काही सांगत नव्हता. भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग पेन्सिल काढून तिथेच टीप लिहिली आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी कंपनीत सर्क्युलर फिरलं: यापुढे प्रत्येक ड्रॉइंगवर ‘वस्तू’ की ‘साचा’ हे नमूद करावे.

आमची कंपनी पाइप बनवते.