भाऊ, हजर!

वेताळ टेकडीवर 'भाऊऽऽ' अशी हाक दिली की चौघे तरी वळून बघतात. जो वळत नाही तो आमचा. नाव मुलीनं ठेवलं, हाका मात्र मला माराव्या लागतात.

भाऊ बीगल आहे, तेव्हा आधी त्याची बाजू मांडतो. ही जात इंग्लंडात ससे हुडकायला पोसली गेली. कुत्री नाक जमिनीला लावून पुढे आणि शिकारी पायी, धापा टाकत मागे. शेपटीचं टोक पांढरं असतं, म्हणजे उंच गवतात बाकीचा कुत्रा दिसेनासा झाला तरी शेंडा दिसावा. थोडक्यात, माणसानं मागून पळायचं हा त्यांच्या घराण्यातला जुना रिवाज. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगांतली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगलच नेमले आहेत. अशा नाकाला मोराचा माग लागल्यावर माझ्या घशाची काय पत्रास?

शेवटी ट्रेनरबाई बोलावल्या. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलंच नाही. आम्हाला विचारलं, "याला तुम्ही बोलावता कशासाठी?"

आंघोळीला. कानात औषध घालायला. फिरणं संपलं म्हणून घरी न्यायला. चप्पल कोणी फाडली हे विचारायला.

"मग मीसुद्धा आले नसते," बाई म्हणाल्या.

पावलोव्हच्या कुत्र्यांना जेवणाच्या आधीच लाळ सुटायची. भाऊला 'ये' ऐकलं की शाम्पू दिसायचा. तो शब्द बाद झाला. त्या जागी घरात एरवी कोणी वापरत नाही असा 'हजर' आला. आंघोळीला मात्र 'हजर' म्हणायचं नाही, मुकाट्यानं उचलून न्यायचं. आणि हाक एकदाच मारायची. ही अट जड गेली. आमच्या घरात एका हाकेत आजवर कोणी जेवायलासुद्धा आलेलं नाही.

मागे धावायचं नाही, हा पुढचा नियम. कुत्र्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. उलट दिशेला पळायचं, म्हणजे तो मागून येतो. सकाळी सहा वाजता, साठीला टेकलेला माणूस 'हजर!' असं ओरडून मोकळ्या माळावर एकटाच पळत सुटतो, हे दृश्य टेकडीवरच्या लोकांनी फार समजूतदारपणे घेतलं. एकानं मला पाणी देऊ केलं.

खरी कसरत पुढे आहे. आला की चीजचा तुकडा गुडघ्याशी धरायचा. तो खात असताना दुसऱ्या हातानं गळपट्टा धरायचा, सोडायचा, आणि 'जा' म्हणायचं. हे 'जा' महत्त्वाचं. दर वेळी साखळीच अडकवली, तर येणं म्हणजे मजा संपणं, एवढं गणित त्याला येतं. उशिरा आला तरी रागवायचं नाही. रागवलं तर ते 'आल्याबद्दल' असतं, उशिराबद्दल नाही.

आता भाऊ येतो. मोर दिसला तर येत नाही, म्हणून टेकडीवर दहा मीटरचा दोर अजून कायम आहे. पण सोसायटीच्या बागेत त्यानं निराळीच प्रगती केली आहे. बोलावण्याची वाटही न बघता तो पाच पावलं जातो, वळतो, धावत येऊन गुडघ्याशी बसतो, चीज घेतो आणि पुन्हा पाच पावलं जातो.

आई जन्मभर सरकारी कचेरीत बिलं तपासत होती. बाकावरून हा प्रकार थोडा वेळ बघून म्हणाली, "पास करू नकोस रे. हा नुसता प्रवासभत्त्यासाठी दौरे काढतोय."