गणेशवंदनेनंतर बस तयार आहे

बौद्धिक दिव्यांगत्वावर आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद भरवायची म्हटलं, की पहिल्या बैठकीत चहा यायच्या आत दोन गोष्टी पक्क्या होतात. हॉटेल विमानतळाजवळचं घ्यायचं आणि गणेशवंदना 'आपल्या विशेष मुलांनी' करायची. या मुलांपैकी एकाच्या मिशा पिकल्यात आणि दुसरीची भाची बारावीला आहे, पण वंदनेपुरती सगळी मुलंच. नऊला नाच. साडेनऊला उपमा. दहाला त्यांची परतीची बस. सव्वादहाला बीजभाषण, विषय : 'बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा समाजातील सहभाग'.

मग समित्या पडतात. स्वागत, भोजन, निवास, स्मरणिका. परदेशी पाहुण्यांना भाजी कितपत तिखट चालेल यावर अर्धा तास जातो. पाहुण्यांना भेट द्यायला दिव्यांगांच्या कार्यशाळेतल्या कापडी पिशव्या आणि रंगवलेल्या पणत्या घ्यायच्या, यावर मात्र लगेच एकमत होतं. बिझनेस क्लासच्या तिकिटावर डोळे मिटून सही केलेले खजिनदार आता चष्मा लावतात आणि फोन फिरवतात. "बाई, पिशवीचा दर जरा जास्त वाटतोय हो. शेवटी आपलं सगळ्यांचं समाजकार्यच ना!" पलीकडच्या बाई दर कमी करतात. ज्यानं ती पिशवी शिवली त्याच्या महिन्याच्या पाकिटात किती पडतात, हा शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो. पण तो अद्याप कुणी पाठवलेला नाही.

खरी मौज नोंदणी अर्जात असते. प्रतिनिधी, विद्यार्थी, परदेशी प्रतिनिधी, सोबत येणारी व्यक्ती. ज्याच्याविषयी तीन दिवस बोलायचं त्याला यातला कुठला रकाना? कुणीतरी सुचवतं, "सोबत येणारी व्यक्ती म्हणून टाका की." म्हणजे प्रोफेसरसाहेबांच्या सौभाग्यवती आणि हा, दोघं एका रकान्यात. सौभाग्यवतींना निदान शहरदर्शन तरी आहे.

"पण तीन दिवस बसून त्यांना काय कळणार?" हा प्रश्न फार कळवळ्यानं विचारला जातो. बाकीच्यांना काय कळतं, ते दुपारच्या जेवणाच्या रांगेत उभं राहून ऐकावं. रांगेतली चर्चा पनीरवर असते.

हे दुखणं काही आपलंच नाही. या विषयाची जागतिक शास्त्रीय संघटना 1964 मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली मोठी परिषद 1967 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे भरली. तेव्हाही ती तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी भरवलेलीच होती. स्वीडनमध्ये मात्र 1970 साली माल्मो शहरात बौद्धिक दिव्यांग प्रौढ स्वतः जमले आणि त्यांनी मागण्यांची यादीच केली. आमच्याविषयी डॉक्टर, पालक वगैरे बोलतात तेव्हा आम्हालाही तिथे बसू द्या, ही त्यातली एक. गावात फिरायला आम्हाला मोठ्या घोळक्यानं नेऊ नका, ही दुसरी. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आपली बस अजून पन्नास आसनीच आहे.

त्याहून झणझणीत किस्सा अमेरिकेतला. 1973 मध्ये ओरेगन राज्यातली काही बौद्धिक दिव्यांग मंडळी शेजारच्या कॅनडात एका परिषदेला गेली. परिषद म्हणायला त्यांच्यासाठीच होती, पण माइक सोडायला तज्ज्ञ तयार नव्हते. मंडळी वैतागून परतली आणि म्हणाली, आपली परिषद आपणच भरवू. सेलम गावात त्यांच्या बैठका सुरू झाल्या. त्यातले काहीजण पूर्वी मोठ्या संस्थेच्या आवारात राहिलेले, म्हणजे कधी उठायचं नि कधी जेवायचं हेही दुसऱ्यानं ठरवलेलं. त्यांनी जागा ठरवली, विषय ठरवले, पत्रं पाठवली. मदतनीस हाताशी होते; निर्णय यांचे. ऑक्टोबर 1974 मध्ये समुद्रकाठी ऑटर क्रेस्टला परिषद भरली, तर पाचशेहून अधिक माणसं हजर. 'पीपल फर्स्ट' ही चळवळ तिथूनच देशोदेशी पसरली. पुढे रॉबर्ट मार्टिन नावाचा न्यूझीलंडचा माणूस, ज्याचं बालपण अशाच संस्थांमधून गेलं, 2016 मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीवर निवडून आला. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती तिथे बसण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे आला असता तर आयोजकांनी नक्की विचारलं असतं, "सर, सोबत कोण आलंय?"

त्या समितीमागचा करार भारतानं 2007 मध्येच मान्य केला. दिव्यांगांसंबंधीचे निर्णय त्यांना सोबत घेऊन करावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही त्याच करारावर बेतलेला. स्मरणिकेत दोन्हींचा उल्लेख असतो, संपादकीयात, दुसऱ्या परिच्छेदात.

आता कुणी म्हणेल, टीका सोपी, करायचं काय ते सांगा. करायचं तेही फारसं अवघड नाही. फक्त विद्वानांना त्रास होतो. युरोपातल्या संघटनांनी सोप्या वाचनाचे नियम कधीच करून ठेवलेत : अक्षर मोठं, चौदा पॉइंटांच्या खाली नाही, वाक्य छोटं, नवं वाक्य नव्या ओळीवर, अवघड शब्द आलाच तर तिथेच त्याचा अर्थ. या विषयाचं एक ब्रिटिश संशोधन नियतकालिक लेखकांकडून प्रत्येक निबंधाचा असा सोपा सारांश मागतं. असा सारांश आपल्या परिषदेतही मागावा, असं मी एका विद्वानांना सुचवून पाहिलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "इतकं सोपं केलं तर निबंधात काही उरणारच नाही." इतकं प्रामाणिक विधान मी कुठल्याच परिषदेत ऐकलेलं नाही.

दुसरी युक्ती कार्डांची. परदेशात अशा बैठकांमध्ये प्रत्येकाच्या हाती रंगीत कार्डं देतात. लाल कार्ड वर गेलं की वक्त्यानं थांबायचं, कारण कुणाला तरी समजलेलं नाही. त्यानं तेच पुन्हा, सोपं करून सांगायचं. मी तर म्हणतो, कार्डं सगळ्यांनाच वाटा. मागच्या रांगेतल्या पीएच.डी.च्या पोरांना वर्षानुवर्षं हेच विचारायचं होतं, पण गाइड पहिल्या रांगेत बसतात. कुणीतरी लाल कार्ड वर करावं, पडद्यावरची मुंगीएवढ्या अक्षरांतली तक्त्यांची स्लाइड जागीच थांबावी आणि वक्त्यानं, "म्हणजे असं बघा..." म्हणत पहिल्यांदाच माणसांत यावं.

छपाईचा खर्चही किरकोळ आहे, एका मोमेंटोच्या पैशात दोन रांगांची कार्डं निघतील. खजिनदारांची हरकत नाही. स्वागत समिती मात्र अडून बसलीय : उद्घाटनाला मंत्रिमहोदयांचं भाषण संपल्यावरच कार्डं वाटायची, असा ठराव तिनं मांडलाय.