कपाळ माफ, ओठ अठरा टक्के

बायकांनी काय नेसावं आणि काय लावावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. सासू, शेजारीण, कीर्तनकार, कॉलेजचे प्राचार्य, सगळे तयारच असतात. पण या विषयातला खरा दर्दी दिल्लीत बसतो. त्याचं नाव जीएसटी परिषद. खोटं वाटत असेल तर मोठ्या दुकानातून एकदा साजशृंगाराची खरेदी करा आणि बिलाचा तळ वाचा. टिकल्यांचं पाकीट, कर शून्य. काचेच्या बांगड्या, शून्य. कुंकू, सिंदूर, आळता, सगळं शून्य. लिपस्टिक, १८ टक्के.

म्हणजे बाईच्या अंगावरचा लाल रंग भांगात असला तर माफ, कपाळावर माफ, थेट तळपायाला फासला तरी माफ. वाटेत ओठांवर थांबला की टोलनाका.

काजळाचा सरकारी अभ्यास तर दाद देण्याजोगा आहे. यादीत काजळ करमुक्त आहे, आणि लगेच पुढे अपवाद: पेन्सिल सोडून. डबीतलं काजळ बोटानं घातलं, निम्मं पापणीला आणि निम्मं गालाला लागलं, तर ती परंपरा. पेन्सिलीनं नीट रेघ ओढली की चैन. हा फरक ज्या अधिकाऱ्याला सुचला त्याच्या घरी आरशासमोर दोन पिढ्या उभ्या असाव्यात, आणि त्यानं आईची बाजू घेतली असावी.

जुलै २०१७ मध्ये हा कर आला तेव्हा टिकलीला माफी होतीच. सॅनिटरी नॅपकिनवर मात्र १२ टक्के. टिकलीवाचून बाईचं अडतं, नॅपकिन म्हणजे हौस! आरडाओरडा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. महिन्याचा हिशेब समजायला परिषदेला बारा महिने लागले.

सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. टाल्कम पावडर, फेस पावडर, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. दाढीचं क्रीम ५ टक्के, आफ्टरशेव्हही ५ टक्के. सेंट मात्र १८ टक्क्यांवरच राहिलं. पुरुषानं गालावर चापट्या मारत लावलेला सुवास ही गरज, आणि बाईनं कानामागे टेकवलेला थेंब ही उधळपट्टी. ब्युटी पार्लरचा दरही ५ टक्के झाला. तेव्हा लिपस्टिक पार्लरवालीकडून लावून घ्या, ५ टक्के. घरी स्वतः लावायला आणलीत तर १८. सोन्याच्या पाटल्यांवर ३ टक्के. दोनशेची लिपस्टिक चैनीची आणि लाखाच्या पाटल्या काटकसरीच्या, असं एखाद्या धूर्त नवऱ्यानंसुद्धा बायकोला सांगायची हिंमत केली नसती.

आता कुंकू-बांगड्यांची ही करमाफ सौभाग्याची यादी नवरा गेल्यावर कुणाच्या उपयोगाची, हे परिषदेला कुणी विचारलेलं दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं तो प्रश्न मे २०२२ मध्ये सोडवला. विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, असा ठराव केला. राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. केंद्रानं माफ केलेली बांगडी बाईच्या हातात शाबूत राहावी म्हणून अखेर गावाला ठराव करावा लागला.

लिपस्टिकचं या बाबतीत बरं आहे. तिला कुणी सौभाग्यलेणं म्हणत नाही, त्यामुळे ती हिसकावायला दहाव्या दिवशी कुणी नातेवाईक दारात उभे राहत नाहीत. पावती फाडली की ती फक्त आपली. म्हणून मरून शेडचे १८ टक्के मी तोंडातून ब्र न काढता भरते. काजळाच्या पेन्सिलीचं मात्र तसं नाही. त्या रेघेवरून मला परिषदेशी भांडायचंच आहे.