सगळं येणार आहे!

काकू : वसुधा, अगं रविवारी सकाळी सकाळी गाडी काढून कुठे निघाला होतात सगळे? कोथिंबीर मागायला कंपाउंडवरून दोन हाका मारल्या मी.

वसुधा : वाघोलीला गेलो होतो, काकू. धाकट्या भाऊजींना फ्लॅट घ्यायचाय ना!

काकू : सँपल फ्लॅट दाखवला असेल.

वसुधा : काय तो थाट! दारातच गार सरबत, आत अत्तराचा वास. पण पलंग इतका आखूड, की हे आडवे झाले असते तर पाय बाहेर लोंबले असते.

काकू : आणि आतल्या खोल्यांना दारं?

वसुधा : अय्या, नव्हती खरंच!

काकू : मुद्दाम नाही लावत. खोली मोठी दिसते. बरं, आजूबाजूला काय आहे?

वसुधा : आहे असं काही नाही, सगळं येणार आहे. ती सेल्सवाली मुलगी घडाघडा म्हणत होती, मेट्रो येणार, रिंगरोड येणार, पाण्याची लाइन येणार. मी विचारलं, आत्ता काय आलंय? तर म्हणते, ऑफर आलीये मॅडम, आज संध्याकाळपर्यंतच!

काकू : मेट्रोचं अगदीच खोटं नाही हो. रामवाडीपर्यंत 2024 च्या मार्चमध्ये आलीच की. पुढे वाघोलीकडे न्यायला 2025 मध्ये केंद्राने मंजुरीही दिली. पण मंजुरीत बसून ऑफिसला जाता येत नाही.

वसुधा : भाऊजी तर आत्ताच स्टेशनपासून घर किती मिनिटांवर ते मोजायला लागलेत.

काकू : आधी पाण्याचं विचारा म्हणावं. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, तेवीस गावं एकदम घेतली तेव्हा. गाव आलं, टॅक्सचं बिल आलं, टँकर मात्र काही गेले नाहीत. माझी भाची राहते ना तिकडे, तिच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या पैशांतला मोठा वाटा टँकरवाल्याकडेच जातो.

वसुधा : पण बिल्डर पाणी देईल ना? म्हणाली तसं ती.

काकू : महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन असं हमीपत्र लिहून देतात ते. एकदा सोसायटी ताब्यात दिली, की टँकरचं बिल सोसायटीच्या गळ्यात. मग त्या हमीपत्राची प्रत शोधत कमिटीवाले फिरतात.

वसुधा : बाई! मग पुनावळ्याकडेच बघावं का? जाऊबाईंचं ऑफिस हिंजवडीला.

काकू : बघा ना, पण विकास आराखडा उघडून बघा. पुनावळ्यात लोक आयुष्याची कमाई घालून राहायला गेले आणि मग कळलं, जवळच कचरा डेपोचं आरक्षण आहे. रस्त्यावर उतरले बिचारे, तेव्हा कुठे 2023 च्या डिसेंबरात सरकारने तो रद्द केला. समोर मोकळी हिरवी जागा दिसली, की व्ह्यू छान म्हणू नये. झोन दाखला काढावा.

वसुधा : तुम्हाला कसं हो एवढं माहीत?

काकू : गृहकर्जाच्या टेबलावर उगाच का बसले होते बँकेत! किती फुटांचा म्हणाली फ्लॅट?

वसुधा : एक हजार दहा. सेलेबल की काय.

काकू : सेलेबल? अगं, 2017 पासून महारेरा आहे. विकायचं ते कार्पेटवर. त्या हजारात जिना, लिफ्ट, लॉबी आणि क्लबहाउस धरलेलं असणार. कार्पेट किती ते लेखी घ्या. आणि जाहिरातीवर महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड असायला लागतो. स्कॅन केलं, की ताबा कधी द्यायचा कबूल केलंय, मुदत कितीदा वाढवून घेतलीये, सगळं समोर येतं.

वसुधा : भाऊजी तर उद्या 20 टक्के भरायला निघालेत!

काकू : थांबव आधी त्यांना! करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत. आणि बांधकाम चालू असलेल्यावर सहसा 5 टक्के जीएसटी पडतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काही नाही. तोही हिशेब करा. शिवाय जाऊबाईंच्या एकटीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के.

वसुधा : हे सासूबाईंसमोर बोलू नका हं. त्या म्हणतील, राहू दे, 7 टक्केच भरा.

काकू : (हसून) खरंय बाई!

वसुधा : काकू, एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही बंगला पुनर्विकासाला द्यायचं ठरवलंत म्हणे.

काकू : मी? कोण म्हणालं?

वसुधा : तो पांढऱ्या गाडीतला येतो ना फाइल घेऊन, तो. म्हणाला, काकूंची सही झाली, आता तुमचंच अडलंय.

काकू : अस्सं! मला मंगळवारी सांगून गेला, वसुधाताईंकडे पक्कं झालंय, तुम्ही एकट्याच मागे राहाल, टॉवरच्या सावलीत पापड वाळणार नाहीत तुमचे!

वसुधा : अगं बाई! म्हणजे आपल्या सह्यासुद्धा त्याच्या ‘येणार आहे’ मधल्याच!

काकू : त्याला दोन्ही प्लॉट जोडून हवेत. एकेकट्या प्लॉटवर त्याचा टॉवर बसत नाही.

वसुधा : मग नाही म्हणून सांगायचं?

काकू : नाही कशाला? गुडघ्यांनी जिना चढवत नाही मला, लिफ्ट मलाही हवीच आहे. पण बोलायचं ते दोघींनी मिळून. कार्पेट किती, भाडं किती महिने, बँक गॅरंटी किती, ताबा कुठल्या तारखेला, आणि उशीर झाला तर काय. सगळं नोंदवलेल्या करारात. तोंडी एक अक्षर नको.

वसुधा : यांनाही सांगते.

काकू : उद्या अकराला येतोय तो माझ्याकडे. तू पावणेअकरालाच येऊन बस. आपण दोघी एका सोफ्यावर दिसलो, की त्याचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला.

वसुधा : येते की! पोहे करून आणू?

काकू : आण, पण दोघींपुरतेच.