प्राणायामात एटीकेटी

आमच्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना तणावमुक्त करायचे ठरवले आहे. तसे परिपत्रकच निघाले. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्यातले घालून पाहावे, बसेल. परिपत्रकाचा विषय ‘विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याबाबत’, संदर्भ ‘वरिष्ठांचा दूरध्वनी’ आणि मजकूर असा : ‘सर्व विद्यार्थ्यांनी २१ जून रोजी सकाळी ठीक ६ वाजता तणावमुक्त स्थितीत मैदानावर उपस्थित राहावे. अनुपस्थित राहणाऱ्यांची हॉल तिकिटे रोखून धरण्यात येतील, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.’

२१ जून ही योगदिनाची तारीख संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये मुक्रर केली. प्रस्ताव आपलाच होता, पण मांडणारे दिल्लीचे. तिकडे पाऊस जूनच्या अखेरीस पोचतो. आपल्याकडे तोवर मैदानाचा चिखल झालेला असतो. त्यामुळे आमच्या मुलांचा योग दरवर्षी दुचाकींच्या पार्किंगमध्ये होतो. पाहुणे साडेसातला येतात, तोवर मुले वज्रासनात. मग पाहुणे मधुमेह, मोबाइल आणि मेकॉले या तीन रोगांवर बोलतात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघतात.

फोटो मात्र चोख लागतात, अक्षांश-रेखांशांसकट. नॅकच्या पाचव्या निकषात योग ‘जीवनकौशल्ये’ या रकान्यात बसतो आणि रकाना पुराव्याशिवाय भरत नाही. गेल्या खेपेला डोळे मिटलेल्या मुलांचे फोटो ‘विद्यार्थी झोपलेले दिसतात’ असा शेरा मारून परत आले. यंदा सर्वांनी डोळे उघडे ठेवून ध्यान केले.

एवढ्यावर निभावले असते. पण नव्या शैक्षणिक धोरणाने योगाला सहअभ्यासक्रमात जागा दिली, आणि जागा दिली म्हणजे श्रेयांक आला. श्रेयांक आला म्हणून गुण आले, गुणांमागून परीक्षा आली, परीक्षेबरोबर तिचा ताण आला आणि त्या ताणावर उतारा म्हणून अभ्यास मंडळाने पुन्हा योगच सुचवला. आमच्याकडे पन्नास गुणांची वाटणी झाली ती अशी : वीस अंतर्गत, तीस बाह्य. अंतर्गतात हजेरी, जर्नल आणि ‘वर्तन’. जर्नलच्या डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आसनाची आकृती, उजव्या पानावर फायदे. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय श्वास घेता येत नाही, म्हणजे प्रात्यक्षिकात.

बाह्य परीक्षकांना एका दुपारी सगळी तुकडी संपवायची असते. धर, सोड, नंबर सांग, पुढचा. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा या धबडग्यात अनुलोमात पास झाला आणि विलोमात गेला. प्राणायामात केटी लागणारा आमच्या तालुक्यातला तो पहिलाच. त्याने फोटोकॉपी मागितली. श्वासाची फोटोकॉपी मिळत नाही, असे परीक्षा विभागाने त्याला सांगितले; पुनर्मूल्यांकनाचे शुल्क मात्र भरून घेतले.

हा विषय शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी आमचे महाविद्यालय, दुपारी शेजारच्या तालुक्यातले, संध्याकाळी एका इंग्रजी शाळेत कराटे. मानधन गेल्या दिवाळीपासून यायचे आहे. ‘फळाची अपेक्षा सोडा’ हे ते इतके मनापासून सांगतात, की वर्गात एकदम शांतता पसरते.

खरे तर योग मोजून पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि नौली, उड्डियान करताना पोटातल्या दाबाचे काय होते, हे दाबमापक लावून आणि क्ष-किरण चित्रे काढून तपासले. श्रद्धा ठेवा म्हणण्याऐवजी मोजून दाखवतो म्हणणारा हा संन्यासी. त्याने दाब मोजला, आम्ही हजेरी मोजतो. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, रोज, कोणाच्या धाकाशिवाय केलेल्या योगाने अनेकांचा ताण हलका होतो, झोप बरी लागते; त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तक्रार एवढीच, की आमच्याकडे ताण आणि चटई एकाच खिडकीवर मिळतात.

खिडकीवरून आठवले. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. गणपती आले, गेले, तरी काही निकाल लागायचेच होते. पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घेणारी मुले गुणपत्रिकेवाचून अडकली, काहींच्या उत्तरपत्रिकाच सापडेनात. शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात असे पहिल्यांदाच घडले. त्या चार महिन्यांत हजारो मुलांनी जो कुंभक केला, तो कोणत्याही हठयोग्याला जमला नसता. त्याचे श्रेयांक कोणी दिले नाहीत.

पतंजलीच्या जवळपास दोनशे सूत्रांत आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन येतात. आसन हे तिसरे अंग. त्याच्या आधी यम आणि नियम. आमच्या विद्यापीठाने थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली, याचे कारण उघड आहे. पहिले दोन विद्यार्थ्यांपुरते ठेवता येत नाहीत. आता यमांतले सत्यच घ्या. संकेतस्थळावर ‘निकाल लवकरच’ ही पट्टी मार्चपासून सरकते आहे. अस्तेय म्हणायला जावे, तर परीक्षा विभागात पुरवण्या गहाळ होतात. अपरिग्रह म्हणजे साठवून न ठेवणे. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत रक्कम पदवी मिळून तीन वर्षे झाली तरी परत मिळत नाही, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज ‘संस्था स्तरावर प्रलंबित’ राहतो तो राहतोच. ब्रह्मचर्य तेवढे काटेकोर पाळले जाते, रात्री आठला मुलींच्या वसतिगृहाच्या गेटला कुलूप या स्वरूपात. मुलांच्या गेटला कडीसुद्धा नाही. अहिंसेसाठी चौकशी खिडकीवर चौकशी करावी. दुपारी दीड ते अडीच सोडून. साडेअकराच्या आतही नको.

इथे जरा हसणे बाजूला ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांत आकडा सर्वांत मोठा महाराष्ट्राचा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितले, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आमच्या सूचनाफलकावर लागलाही होता. त्यावर योगदिनाला गैरहजर राहिलेल्यांची यादी डकवली आहे.

समुपदेशक नेमायचा तर पद मंजूर हवे. पद मागायचे तर प्रस्ताव हवा, आणि प्रस्ताव करणाऱ्या लिपिकाचेच पद रिक्त आहे. तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवण्यात आला. माणूस सज्जन. पहिल्याच दिवशी ते प्राचार्यांना म्हणाले, ‘साहेब, मला मान्सून समजतो, मन नाही.’ प्राचार्य म्हणाले, ‘सर, दोन्ही लहरीच. घ्या सांभाळून.’ समुपदेशन केंद्राला जागा मिळाली ती परीक्षा विभाग आणि रोखपाल यांच्या मधली, काचेची. आत रडणारा मुलगा फी भरायच्या रांगेतून स्वच्छ दिसतो. दारातच शिपायापुढे नोंदवही आहे : नाव, वर्ग, पीआरएन क्रमांक, पालकांचा मोबाइल आणि येण्याचे कारण. कारणाचा रकाना मोकळा सोडलेला चालत नाही.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी परवा त्या वहीपुढे बराच वेळ पेन धरून उभी होती. मागे चार जण. शिपाईमामा म्हणाले, ‘लिही गं बाई कायतरी, पोरं खोळंबलीत.’ तिने वरच्या ओळीत काय लिहिलेय ते पाहिले, तेच उतरवले आणि निघून गेली.

महिनाअखेर केंद्राचा अहवाल व्यवस्थापन परिषदेपुढे आला. त्यात म्हटले आहे, की महिनाभरात केंद्रात आलेल्यांपैकी एकाही विद्यार्थ्याला कसलाही मानसिक त्रास आढळला नाही; सर्वांना बोनाफाइड हवे होते. परिषदेने समाधान व्यक्त केले आणि पुढच्या वर्षासाठी आणखी चटया घ्यायला मंजुरी दिली.