वस्तरेकाका

ऐन मे महिन्यात एखादे गृहस्थ लांब बाह्यांच्या शर्टाची मनगटापर्यंत बटणं लावून फिरताना दिसले, तर समजावं की यांना वस्तऱ्याचा नाद आहे. धार लागली की नाही हे हातावरचे केस उडवून बघायची जुनी रीत आहे. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या वस्तरेकाकांचा डावा हात कायम चकोट असतो आणि उजव्यावर रान माजलेलं असतं.

काका सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी त्यांना गंजका वस्तरा सापडला. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन’ अशी अक्षरं, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं शहर. ‘‘हे नाव कुणीही उठून घालू शकत नाही. १९३८ पासून तिकडे कायदा आहे!’’ असं म्हणून त्यांनी विक्रेत्याने सांगितले तेवढे पैसे मोजले. पुण्यातल्या माणसाने घासाघीस केली नाही, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं. घासाघीस नंतर घरी सुरू झाली.

आता गॅलरीत दगडांची रांग आहे. हजार नंबर, चार हजार, आठ हजार, बारा हजार. शिवाय बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे बारीक कण असतात. त्याला हात लावायची नातवालाही परवानगी नाही. काका वस्तरा दगडावर आडवा ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. कोन पाठच सांभाळते, आपण फक्त दाबायचं नाही. धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला पातं पाठीवरच उलटायचं आणि परत यायचं. पाणी काळसर व्हायला लागलं की काकांचा चेहरा उजळतो. मग चामड्याचा पट्टा. तिथे सगळं उलट, पाठ पुढे आणि धार मागे. चुकलं की पट्टाच कापला जातो. खिडकीच्या गजाला बांधलेल्या पट्ट्यावर काकांच्या शिकाऊ दिवसांचा इतिहास कोरलेला आहे.

शेवटी डोळ्याला भिंग. ‘‘मधे एक दाता राहिलाय,’’ असं पुटपुटत काका पुन्हा हजार नंबरवर. स्वतःची दाढी ते प्लास्टिकच्या रेझरने करतात. वस्तऱ्याने केली तर धार जाईल ना!

एकदा काकू म्हणाल्या, ‘‘अहो, एवढे दगड पाळलेत, तर विळीला जरा धार लावून द्या. टोमॅटो चिरत नाही, नुसता दबतो.’’

‘‘अगं, बारा हजार नंबरवर विळी?’’ देवघरातलं ताम्हन कुणी पाय धुवायला मागावं, असा त्यांचा आवाज.

काकूंनी खाली सायकलवर आलेल्या धारवाल्याला थांबवलं. त्याने सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारलं आणि ठिणग्या उडवल्या. काका गॅलरीतून ओरडले, ‘‘अरे, पातं तापतंय! पाणी उतरेल त्याचं!’’

‘‘काका, भेंडी चिरायचीय,’’ धारवाला मान वर न करता म्हणाला.

काकांचं शास्त्र खोटं नव्हतं. पातं फार तापलं की पोलादाचं पाणी उतरतंच. पण संध्याकाळी भाजी वेळेवर झाली, हेही खरं.

काकांच्या लाडक्या सोलिंगेनची पाठ मात्र आता घासून चपटी झाली आहे. धारेबरोबर तीही दगडावर झिजते. जुने न्हावी रोजचं काम पट्ट्यावर भागवत, दगड अधूनमधून काढत. म्हणून त्यांचे वस्तरे वर्षानुवर्षं टिकले. काकांचा वस्तरा एकही दाढी न करता संपत आला आहे. तेव्हा तुमच्याकडे आजोबांचा वस्तरा असेल, तर त्याला पट्टा नेहमी दाखवा, दगड क्वचित आणि वस्तरेकाका कधीच दाखवू नका.