एक ठोसा, बाकी पसारा

जपानच्या ‘वन-पंच मॅन’ या चित्रकथेत नायक सैतामा एका ठोशात राक्षस लोळवतो, मग चित्रकार युसुके मुराता त्या राक्षसाचा खवला न् खवला कशाला रेखाटतात? विनोद तिथेच आहे. भोवती तपशिलांचा महापूर आणि मधोमध सैतामाचे अंड्यासारखे गुळगुळीत, निर्विकार टक्कल. ‘वन’ या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये हीच कथा ओबडधोबड रेषांत मांडली होती. २०१२ पासून मुरातांच्या देखण्या चित्रांनी फुगा आणखी फुगवला, म्हणून तो फुटतानाचा आवाजही वाढला. निकाल ठाऊक असताना उत्कंठा कसली, असा आक्षेप येईल. पण प्रश्न जिंकण्याचा नाहीच, श्रेयाचा आहे. वीरांना वर्ग वाटणाऱ्या कचेरीच्या परीक्षेत शारीरिक चाचणीत अव्वल, लेखीत ढेपाळलेला सैतामा थेट ‘क’ वर्गात! राक्षस एका ठोशात आडवा होतो. कचेरी मात्र जागची हलत नाही.